पानोपानी हरणारा

ज्या काळी गलबते वाऱ्याच्या मर्जीने येत आणि वाऱ्याच्याच मर्जीने जात, त्या फार जुन्या काळी समुद्राकाठी एक नगर होते. त्या नगरात एक तालीम होती. तिथे कुस्ती शिकवत नसत, लाठीही शिकवत नसत. तिथे फक्त किरच शिकवत.

किरच म्हणजे लांब, सरळ, निमुळती तलवार. तिने कापत नाहीत, टोचतात. कापणारी तलवार थोडी चुकली तरी कुठेतरी लागतेच. किरच बोटभर चुकली तर लागत नाही, आणि मग समोरच्याची आपल्याला लागते. म्हणून त्या तालमीत बोटभर अंतराला फार मान होता.

तालमीचे वस्ताद म्हातारे झाले होते. त्यांच्या डोळ्यांवर दुधावरच्या सायीसारखा पडदा आला होता. माणूस समोर उभा आहे एवढे त्यांना कळे, तो हसतो आहे की रडतो आहे ते कळत नसे.

त्यांच्या तालमीत एक रीत होती. पट्ठ्याची स्तुती त्याच्या तोंडावर करायची नाही. वस्ताद म्हणत, स्तुती ऐकली की मनगट सैल पडते. त्यांच्या वस्तादांनी त्यांची कधी स्तुती केली नव्हती, आणि त्यांनीही कोणाची केली नाही. ज्याचे चुकेल त्याच्याशी ते बोलत. ज्याचे बरोबर असेल त्याच्यापुढून ते पुढे जात.

पट्ठे पुष्कळ आले आणि गेले. शेवटी दोघे उरले. एकाला सगळे थोरला म्हणत, दुसऱ्याला धाकटा.

थोरला लहानपणापासून तालमीत होता. माती चाळणे, पाणी शिंपडणे, पात्यांना तेल लावणे ही सगळी कामे त्याने केली होती. तो कमी बोले. धाकटा मोठेपणी आला. तो भरभर शिकला, भरभर विसरला आणि पुन्हा शिकला. तो आला की तालमीत हसू येई, आणि तो गेला की तालीम रिकामी वाटे. थोरला दिवसभर तिथेच असे, तरी.

एके दिवशी त्या नगराचा राजा तालमीत आला.

तो म्हणाला, "वस्ताद, तुमची विद्या तुमच्याबरोबर जाऊ नये असं मला वाटतं. तिची पोथी करा. माझे डोंगरी किल्ले लांब आहेत. तिथे वस्ताद पाठवता येत नाही, पोथी पाठवता येईल."

"महाराज, किल्ल्यांवरच्या शिपायांना वाचता येत नाही," वस्ताद म्हणाले.

"मग चित्रं काढा. चित्र सगळ्यांना वाचता येतं."

असे ठरले. पोथीच्या प्रत्येक पानावर दोन माणसे असतील. एकाचा वार बसत असेल, दुसऱ्याला तो लागत असेल. एका पानावर एक डाव.

चित्रे काढायला नगरातली चितारीण आली. तिचे केस पिकले होते, पण हात तरुण होता. तिने तालमीच्या कोपऱ्यात पाट मांडला, रंगांच्या वाट्या मांडल्या आणि विचारले, "मारणारा कोण आणि मरणारा कोण?"

वस्ताद क्षणभरही थांबले नाहीत. "धाकट्या, तू मारणारा. थोरल्या, तू लागून घेणारा."

"कितव्या पानापर्यंत, वस्ताद?" थोरल्याने विचारले.

"शेवटच्या."

थोरल्याने मान हलवली. तालमीत का म्हणून विचारायची पद्धत नव्हती.

रोज सकाळी चित्राचे काम चाले. आधी वस्ताद येत. त्यांना दिसत नसे, म्हणून ते हातांनी पाहत. धाकट्यापाशी ते खूप वेळ थांबत. त्याचे कोपर धरून वर करत, गुडघा वाकवून देत, खांद्यावर हात ठेवून समजावत. "अरे, इतका पुढे नको जाऊस. असा. हां. आता श्वास सोड." धाकटा काहीतरी विनोद करी. वस्तादही हसत. मग ते थोरल्याकडे येत, त्याच्या मनगटाला नुसता हात लावत आणि म्हणत, "ठीक." एवढेच. मग ते भिंत धरत धरत आपल्या खोलीत जाऊन पडत, कारण त्यांना फार वेळ उभे राहवत नसे.

थोरला हे रोज पाही. धाकट्याच्या खांद्यावर हात किती वेळ राहतो, ते तो पाही. आपल्या मनगटाला बोटे लागली न लागली तोच ती उचलली जातात, तेही तो पाही.

वाचणाऱ्यांनो, तुम्ही लहान असा किंवा मोठे, तुम्हाला हे ठाऊक असेल. हेवा येतो तेव्हा त्याचा आवाज होत नाही. दुधात विरजण पडते तसा तो पडतो. वरून भांडे तसेच दिसते, आणि आत सगळे घट्ट होत जाते.

थोरल्याला आता धाकट्याच्या साध्या गोष्टीही दिसू लागल्या. त्याने कमरेला नवा शेला बांधला, ते दिसले. चितारीण त्याच्या शेल्यासाठी केशरी रंग घोटते आणि थोरल्याच्या सदऱ्यासाठी उरलेला राखी वापरते, ते दिसले. धाकटा भाकरी खाताना अर्धी मोडून पुढे करी. थोरला ती घेई, पण चव लागत नसे. त्याला वाटे, याला देता येते, कारण याच्याकडे जास्त आहे.

आणि चित्रासाठी उभे राहणेही सोपे नव्हते. वार लागण्याचा जो क्षण असतो, त्या क्षणात तासभर थांबायचे. तोल गेलेला दाखवायचा, पण पडायचे नाही.

"हलू नकोस," चितारीण म्हणे. "मेलेला माणूस नाक खाजवत नाही."

"मी अजून मेलो नाही मावशी. आत्ताच लागलंय," थोरला म्हणे.

"मग लागल्यासारखं तोंड कर. तू तर दुकानात उसनवारी मागायला आल्यासारखा दिसतोस."

धाकटा खो खो हसे, आणि चितारीण त्यालाही दटावे. पण त्याला दटावताना तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू असे. थोरल्याला तेही दिसे.

पाने वाळत घालायला तालमीच्या ओसरीवर दोरी बांधली होती. जाता येता लोक ती पाने पाहत. मासळी विकणाऱ्या बायका टोपल्या खाली ठेवून पाहत.

"अगं, हा केशरी शेलेवाला कोण गं? काय ऐटीत उभा आहे."

"आणि हा बघ, बिचारा. या पानावर गळ्यात लागलंय, त्या पानावर काखेत."

"पानोपानी मरतोय मेला."

त्या दिवसापासून बाजारात थोरला दिसला की कोणीतरी विचारी, "काय रे थोरल्या, आज कुठे लागलं?" लोक वाईट नव्हते. त्यांना गंमत वाटे. थोरलाही हसे. पण तो घरी जाताना लांबच्या वाटेने जाऊ लागला.

त्याची आई एकदा ओसरीवर येऊन गेली. ती एका पानापुढे उभी राहिली. त्या पानावर धाकट्याची किरच थोरल्याच्या गळ्याला टेकली होती. आईने आपला तळवा चित्रातल्या त्या गळ्यावर ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. रंग ओला होता. तिच्या हाताला लाल डाग लागला.

"आई, ते चित्र आहे," थोरला म्हणाला.

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "पण हे किती वर्षं राहणार आहे, म्हणाले राजे?"

"पुष्कळ. आपण सगळे गेल्यावरही."

आईने पदराला हात पुसला आणि ती गेली.

त्या दिवशी थोरल्याने धीर केला. वस्ताद खोलीत पडले होते. तो उंबऱ्याशी उभा राहून म्हणाला, "वस्ताद, एखाद्या पानावर आम्ही अदलाबदल केली तर चालेल का?"

"नाही," वस्ताद म्हणाले.

"एकाच पानावर."

"तुझी जागा तुझी आहे, थोरल्या. त्याला ती यायची नाही." इतके बोलून त्यांनी कूस बदलली.

हे वाक्य थोरल्याने चुकीचे ऐकले नाही. त्याने ते चुकीचे घेतले. त्याला वाटले, वस्ताद म्हणतात की धाकट्याच्या नशिबात हार नाही, ती तुझ्याच नशिबात आहे.

आता एकच पान उरले होते. त्या पानावर वस्तादांचा सर्वांत मोठा डाव येणार होता. त्याला बुडीचा डाव म्हणत. समोरच्याने तोंडावर वार केला की मागे सरायचे नाही, बाजूला व्हायचे नाही. पाण्यात बुडी मारावी तसे एकदम खाली जायचे, डावा हात जमिनीला टेकायचा आणि खालून समोरच्याच्या पोटाला टोक लावायचे. त्याची किरच डोक्यावरून निघून जाते.

पण या डावाला एक अट होती. समोरच्याचा हात कानाच्या उंचीवर हवा. तो छातीच्या उंचीवर असेल, तर बुडी मारणाऱ्याचे डोके खाली येते आणि त्याच क्षणी टोकही तिथेच पोचते. मग बुडी मारणारा आपल्याच पायांनी मरणाकडे जातो.

त्या सकाळी वस्तादांनी धाकट्याला नेहमीप्रमाणे बराच वेळ नीट बसवले. डावा हात जमिनीवर कसा, पाठ कशी, मान कशी. मग थोरल्याच्या मनगटाला हात लावला. मनगट कानाजवळ होते. "ठीक," म्हणून ते गेले.

पहिल्या दिवशी चितारणीने पायांचे चित्र काढले. दुसऱ्या दिवशी धडाचे. हात ती नेहमी शेवटी काढी.

हातांच्या दिवशी, वस्ताद खोलीत गेल्यावर, थोरल्याने आपला हात हळूच खाली घेतला. कानापासून खांद्यावर, खांद्यापासून छातीवर.

चितारीण थांबली. "तुझा हात काल वर होता."

"वस्तादांनी खाली घ्यायला सांगितलाय," थोरला म्हणाला.

"कधी?"

"आत्ता, जाताना. तुम्ही रंग घोटत होतात."

चितारणीने धाकट्याकडे पाहिले. पण धाकट्याचे तोंड जमिनीकडे होते. त्याला समोरचा हात दिसतच नव्हता.

"तुझं काय म्हणणं?" तिने त्याला विचारले.

"माझं म्हणणं, लवकर काढा मावशी. माझ्या हाताला मुंग्या आल्यात, आणि खऱ्या मुंग्याही आल्यात," धाकटा जमिनीकडे पाहतच म्हणाला.

ती हसली आणि तिने हात छातीच्या उंचीवर काढला. चित्र सुंदर झाले. चित्रात सगळे थांबलेले असते. थांबलेल्या चित्रात थोरल्याचे पाते धाकट्याच्या केसांवरून निसटून जाताना दिसे. चालत्या खेळात ते कपाळात गेले असते, हे किरच शिकलेल्यालाच कळले असते.

थोरल्याला तेवढेच हवे होते. त्याला कोणाला मारायचे नव्हते. त्याला फक्त एक पान हवे होते. सगळे जग म्हणेल की याही पानावर थोरला हरला. पण जाणकार माणूस पाहील आणि मनात म्हणेल, नाही, पुढच्या क्षणी केशरी शेलेवाला पडणार आहे. तो ओसरीवर त्या पानापुढे उभा राहिला आणि कित्येक दिवसांनी त्याला पोटभर भूक लागली.

पोथी पूर्ण झाली. मग तिच्या नकला करायचे काम सुरू झाले. चितारीण मूळ चित्रावर कोरा कागद ठेवी, रेघांवरून सुईने बारीक भोके पाडी, मग तो भोकांचा कागद नव्या पानावर ठेवून त्यावर कोळशाची पूड झटकी. खालच्या नव्या पानावर तेच चित्र ठिपक्यांनी उमटे. त्यामुळे एका चित्रात जे असेल, ते सगळ्या चित्रांत अगदी तसेच येई. नकला तयार झाल्या, मेणकापडात बांधल्या आणि घोड्यांवरून डोंगरी किल्ल्यांकडे गेल्या.

त्यानंतर काही दिवसांनी राजाने वस्तादांना दरबारात बोलावले आणि विचारले, "तुमच्यामागे तालीम कोणी चालवावी?"

दरबारात दोन्ही पट्ठे उभे होते. लोकांनी धाकट्याकडे पाहिले. धाकट्यानेही आपला शेला सारखा केला.

वस्ताद म्हणाले, "थोरल्याने."

दरबारात कुजबुज झाली. राजाने विचारले, "पोथीत तर तो प्रत्येक पानावर हरतो."

"म्हणूनच, महाराज. वार करायला मी कोणालाही शिकवीन. पण वार बरोबर दिसायचा, तर समोरच्याची चूकही बरोबर व्हावी लागते. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही. चूक मोजून करायची असेल, तर आधी सगळी विद्या यावी लागते. धाकट्याला मी रोज हातांनी बसवत होतो, तरी तो सुटायचा. याच्या मनगटाला मी हात लावायचो आणि पुढे जायचो. सुधारण्यासारखं काही नसायचंच. ती पोथी याच्या मनगटावर उभी आहे."

मग ते थोरल्याला म्हणाले, "मी तालमीची रीत मोडली. पण आता मी तुझा वस्ताद नाही, तेव्हा चालेल."

थोरल्याने आयुष्यात पहिल्यांदा आपली स्तुती ऐकली. धाकट्याने पुढे होऊन त्याला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "म्हातारा खरं बोलला. मला एकदाही तुझ्यासारखं हरता आलं नसतं."

थोरल्याचे दोन्ही हात त्याच्या बाजूला लोंबत राहिले.

त्याच वेळी तो बोलला असता तर घोडेस्वार धाडून पोथ्या परत मागवता आल्या असत्या. त्याला ते ठाऊक होते. पण नुकतेच जे मिळाले होते ते त्याच श्वासात कसे सोडायचे? त्याने स्वतःला समजावले, किल्ल्यांवर जाणते लोक असतील. ते पाहतील आणि ओळखतील. एक पान तर आहे. मग त्याने रोज सकाळी तालीम उघडली, नव्या मुलांना उभे केले आणि बुडीचा डाव शिकवायचे रोज उद्यावर टाकले.

एके दिवशी सगळ्यांत लांबच्या किल्ल्यावरून एक हवालदार आला. तो सरळ दरबारात गेला. किल्ल्यावर दोन शिपाई पोथी उघडून सराव करत होते. चित्रात होते तसेच दोघे उभे राहिले. एकाने हात छातीपुढे धरून वार केला, दुसऱ्याने बुडी मारली. टोकाला चामड्याचा गोळा बांधलेला होता म्हणून जीव वाचला. डोळा वाचला नाही.

"तो आमच्याकडचा सगळ्यांत चांगला गडी होता, महाराज," हवालदार म्हणाला. "आता शिपाई विचारतात, ही पोथी वस्तादांची की शत्रूची?"

राजाने चितारणीला बोलावले. वस्तादांना पालखीतून आणले. पोथीचे शेवटचे पान उघडले गेले.

"मला दिसत नाही," वस्ताद म्हणाले. "कोणीतरी सांगा. थोरल्याचा हात कुठे आहे?"

"छातीपुढे," हवालदार म्हणाला.

वस्तादांचा चेहरा पांढरा पडला. "कानापाशी होता. मी हात लावून पाहिला होता."

सगळे चितारणीकडे वळले. ती घाबरली नाही, पण तिचा आवाज बारीक झाला. "मी जे समोर दिसतं ते काढते. हात खाली आला तेव्हा मी विचारलं होतं. मला सांगण्यात आलं, वस्तादांनीच खाली घ्यायला सांगितलाय."

"कोणी सांगितलं?" राजाने विचारले.

चितारणीने थोरल्याकडे पाहिले नाही. ती आपल्या बोटांवरचा रंग खरवडत राहिली.

वस्तादांनी मान वळवली. थोरला कुठे उभा आहे ते त्यांना दिसत नव्हते, तरी त्यांनी नेमके त्याच बाजूला तोंड केले. ते सावकाश म्हणाले, "थोरल्या, मी म्हातारा आहे. काय बोललो ते माझ्या ध्यानात राहत नाही. मी सांगितलं असेन का रे तुला तसं?"

तो प्रश्न नव्हता. ते उघडे ठेवलेले दार होते. थोरल्याने नुसते हो म्हटले असते तर म्हाताऱ्याने सगळे आपल्या अंगावर घेतले असते. विद्या बदनाम झाली असती आणि थोरला वस्ताद राहिला असता.

"नाही, वस्ताद," थोरला म्हणाला. "तुम्ही नाही सांगितलं. मी आपणहून खाली घेतला."

"का?"

"सगळ्या पानांवर तो जिंकत होता."

मग धाकट्याने विचारले, आणि या वेळी तो हसत नव्हता. "मला सांगायचं होतंस. मी शेला तुला दिला असता. पानंही दिली असती. मला त्यांचं काय होतं?"

"तेच तर," थोरला म्हणाला. "तुला त्यांचं काहीच नव्हतं."

राजाने निवाडा केला. तालीम थोरल्याकडून काढून घेतली. शिवाय त्याने प्रत्येक किल्ल्यावर जायचे. तिथे सगळ्या शिपायांसमोर बुडीचा डाव दोनदा करून दाखवायचा, एकदा हात वर धरून आणि एकदा खाली धरून, आणि सांगायचे की खालचा हात माझा आहे. मग चितारणीने दिलेले नवे पान पोथीत घालायचे आणि जुने काढून घ्यायचे.

"पण महाराज, हा एकटा कसा दाखवणार?" धाकटा म्हणाला. "बुडी मारायला कोणीतरी लागेल."

"तू जाशील?"

"जातो. पण हा हात खाली धरेल तेव्हा सावकाश धरू दे. मला दोन्ही डोळे आवडतात."

दोघे निघाले. प्रत्येक किल्ल्यावर शिपाई गोल करून उभे राहत. थोरला वार करी, धाकटा बुडी मारी. हात वर असताना शिपाई वाहवा करत, आणि ती वाहवा धाकट्याला मिळे. मग थोरला हात खाली घेई, टोक धाकट्याच्या कपाळाला अलगद टेके आणि सगळे गप्प होत. त्या शांततेत त्याला म्हणावे लागे, "खालचा हात माझा. मी मुद्दाम घेतला." कुठे शिपाई शिव्या देत, कुठे थुंकत. एका ठिकाणी एका म्हाताऱ्या शिपायाने त्याला पाणी दिले आणि म्हटले, "बस जरा." त्याला त्या शिव्यांपेक्षा ते पाणी गिळायला अवघड गेले.

ते असेच जात होते, तेव्हा वाटेत त्यांना वस्ताद गेल्याचा निरोप मिळाला. अखेरच्या वेळी त्यांच्याजवळ दोघांपैकी कोणीच नव्हते.

शेवटी ते सगळ्यांत लांबच्या किल्ल्यावर पोचले. डाव दाखवून झाला, नवे पान घातले गेले. धाकटा विहिरीपाशी शिपायांच्या घोळक्यात बसला. थोरल्याने त्या शिपायाचा पत्ता विचारला. लोकांनी पागेकडे बोट केले.

शिपाई घोड्यांसाठी हरभरे निवडत होता. वयाने तो धाकट्याएवढाच होता. डाव्या डोळ्यावर त्याने फडके बांधले होते. तो सूप एका बाजूला कलते धरी, मान वळवी आणि मग खडा वेचून टाकी.

"हात खाली घेणारा तूच का?" त्याने वर न पाहता विचारले.

"मीच."

"मला वाटलं होतं, चितारी झोपेत असेल."

"नाही. ती जागी होती. मीही जागाच होतो."

शिपायाने आणखी एक खडा टाकला. "माझं काही वाकडं होतं का तुझ्याशी? माझ्या बापाचं, भावाचं?"

"नाही. मी तुम्हाला ओळखतही नव्हतो."

"मग वाकडं होतं कोणाशी?"

थोरल्याने विहिरीकडे पाहिले. धाकटा पोहऱ्याने पाणी पीत होता. कोणीतरी काहीतरी म्हणाले, तसा तो हसला आणि पाणी त्याच्या केशरी शेल्यावर सांडले. "त्याच्याशी," थोरला म्हणाला.

शिपायाने मान पूर्ण वळवली आणि आपल्या एका डोळ्याने तो विहिरीकडे बराच वेळ पाहत राहिला.

"त्याला तर काहीच झालेलं दिसत नाही," तो म्हणाला, आणि त्याने पुन्हा सूप उचलले.

बोध इतकाच: हेव्याने उचललेला हात ज्याच्यासाठी उचलला त्याला लागत नाही, तो ज्याला आपण ओळखतही नाही त्याला लागतो.